पंप हवा धरतो तेव्हा



आज मी तुमच्याशी हवेविषयी बोलणार आहे. पण ही हवा आभाळातली नव्हे, आणि निवडणुकीतली तर नव्हेच नव्हे. विहिरीवरच्या पंपाच्या नळात जी गुपचूप शिरते आणि नेमकी पाळीच्या वेळी पाणी तोडते, ती ही हवा. तुम्ही म्हणाल, हे महाविद्यालयात इतिहास शिकवणारे गृहस्थ. यांनी शिवकाल, पेशवाई सांगावी, पंपाची उठाठेव कशाला? हाच प्रश्न मला माझ्या मामांनीही विचारला होता. तेव्हा तिथूनच सुरुवात करतो.

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात किन्हीराजा नावाचे गाव आहे. ते माझे आजोळ. काही वर्षांपूर्वी पौष महिन्यात मी तिथे गेलो होतो. गहू पोटरीवर आलेला. अशा वेळी एक पाणी चुकले की दाणा बारीक पडतो, हे तुम्हांला मी सांगायला नको. त्या आठवड्यात वीज रात्रीची होती. जेवणे आटोपून आम्ही मामा-भाचे बॅटरी घेऊन मळ्यात गेलो. मामांनी बटण दाबले, मोटार सुरू झाली, पाच मिनिटे पांढरे फेसाळ पाणी उसळत आले, मग गुळण्या टाकू लागले आणि बंद पडले. मोटार आपली फिरतेच आहे!

मामा म्हणाले, "भाचेबुवा, मोटर तं फिरून राह्यली, पन पानी नाही. हवा घेऊन राह्यली वाटते."

पंपात पुन्हा पाणी भरले. पुन्हा तोच प्रकार. मग शेणकाला करून ओतला. हा आपल्याकडचा जुना तोडगा. खालचा व्हॉल्व्ह, ज्याला आपण सर्रास फुटबॉल म्हणतो, तो किंचित गळत असेल तर शेणाने फट बुजते आणि काम भागते. पण या वेळी तेही लागू पडले नाही. मामा बांधावर बसले आणि म्हणाले, "पंप म्हातारा झाला. आता नवा घ्या लागते." नवा पंप म्हणजे गव्हाच्या पैशांतला मोठा वाटा गेलाच. मी म्हटले, "मामा, दोष पंपाचा आहे हे कशावरून?" तेव्हा ते हसले. "तू इतिहासाचा मास्तर. तुले काय कळते यातलं?"

मित्रहो, यातले मला जे कळते, ते इतिहासामुळेच कळते. ते असे.

इटलीतील थोर शास्त्रज्ञ गॅलिलिओ याचा एक संवादरूप ग्रंथ १६३८ साली प्रसिद्ध झाला. त्यात एक पात्र आपला अनुभव सांगते. एका टाक्यावर पाणी ओढणारा पंप बसवलेला होता. पाणी वर असे तोवर तो भरपूर पाणी देई. पाणी एका ठराविक पातळीच्या खाली गेले, की पंप मुळीच चालत नसे. त्या पात्राला वाटले, पंप मोडला. त्याने कारागिराला बोलावले. कारागिराने पंप पाहिला आणि सांगितले, पंपात काही दोष नाही. पाणी फार खाली गेले आहे, आणि इतक्या खोलीवरून ते कोणत्याही पंपाने ओढून वर येत नाही. मग पंप मोठा असो की लहान असो. त्याने जी मर्यादा सांगितली ती आपल्या मापाने साधारण चौतीस फूट होते.

त्या कारागिराचे नाव ग्रंथात नाही. पण दुरुस्तीला आलेल्या माणसाने आधी पाना न उचलता पाणी कुठे आहे हे पाहावे, हा धडा त्याने घालून दिला. मौज अशी, की गॅलिलिओसारख्या पंडितालाही याचे खरे कारण उमगले नाही. त्याला वाटले, लांब दोर जसा स्वतःच्याच वजनाने तुटतो, तसा पाण्याचा उंच स्तंभही तुटत असावा.

खरे कारण सांगितले ते त्याच्या अखेरच्या दिवसांत त्याच्याजवळ राहिलेल्या टॉरिचेल्लीने, १६४४ साली. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: पाणी आपण ओढतच नाही! आपल्या डोक्यावर हवेचा समुद्र आहे आणि त्याला वजन आहे. ते वजन विहिरीतल्या पाण्यावर सतत दाबून बसलेले असते. पंप एवढेच करतो, की नळातली हवा काढून टाकतो. मग बाहेरची हवा पाण्याला नळात वर ढकलते. हे दाखवायला त्याने पारा घेतला. पारा पाण्याच्या साडेतेरा पटींहून थोडा अधिक जड. एका बाजूने बंद असलेल्या काचेच्या नळीत पाऱ्याचा स्तंभ सुमारे ७६ सेंटिमीटरांवर थांबला. आता ७६ ला १३.६ ने गुणून पाहा. सुमारे १०३४ सेंटिमीटर येतात, म्हणजे दहा मीटर आणि वर थोडे. कारागिराचे चौतीस फूट ते हेच!

पुढे १६४८ साली फ्रान्समध्ये पास्कालच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्याने पाऱ्याची नळी एका डोंगरावर नेली. माथ्यावर पारा पायथ्यापेक्षा सुमारे आठ सेंटिमीटर खाली उतरला. वर हवा कमी, म्हणून तिचा दाबही कमी. आपल्यालाही हे लागू आहे. वाशीमचा भाग समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंचीवर आहे. त्यामुळे कोकणच्या किनाऱ्यावर हवा पाणी जितके वर ढकलते, त्यापेक्षा आपल्याकडे ती दोन फूट कमीच ढकलते. शिवाय नळातले घर्षण, वळणे, व्हॉल्व्ह यांत आणखी जोर खर्ची पडतो. म्हणून पुस्तकात चौतीस फूट असले, तरी विहिरीवर वीस-बावीस फुटांच्या पुढे पंपाची खात्री धरू नये.

शिक्षकमित्रहो, हे वर्गात दाखवायला एक पैसाही लागत नाही. पपईच्या पानाचा पोकळ देठ घ्या. एक टोक पेल्यात बुडवून दुसरे टोक मुलाच्या तोंडात द्या. पाणी येईल. मग देठाला पाण्याच्या वर टाचणीने एक भोक पाडा आणि पुन्हा ओढायला सांगा. आता पाण्याबरोबर हवा येईल. भोक मोठे केले तर नुसती हवाच येईल. पेला तोच, पाणी तेच, ओढणाराही तोच. एवढेसे भोक सारा खेळ मोडते. मामांच्या पंपाचे दुखणे याहून वेगळे नव्हते.

आता आपल्याकडच्या विहिरींकडे वळू. आपल्या वाडवडिलांची मोट होती. बैल धावेवरून उतरत, चामड्याची मोट वर येई आणि तिच्या सोंडेतून पाणी थारोळ्यात पडे. मोटेला हवेची भीती नव्हती, कारण ती पाणी ओढत नव्हती, उचलत होती. विहीर साठ फूट असो की ऐंशी, नाडा लांब केला की झाले. खर्च पडे तो बैलांच्या दमाचा आणि माणसाच्या दिवसाचा.

मग यंत्रे आली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला, १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, आणि १९२६ साली त्या कारखान्यात पाण्याचे पंपही बनू लागले. १९४६ साली पुण्यात किर्लोस्करांचा तेलाच्या इंजिनांचा कारखाना निघाला. १९६० साली राज्याचे विद्युत मंडळ स्थापन झाले आणि हळूहळू वीज मळ्यापर्यंत पोहोचली. बैल सुटले, पाण्याला जोर आला. पण पंपाबरोबर चौतीस फुटांचा तो जुना कायदाही आपल्या विहिरीत उतरला.

तो कसा, ते पाहा. विहीर पन्नास फूट खोल, उन्हाळ्यात पाणी तळाला. काठावरच्या पंपाला ते येईना. तेव्हा लोकांनी विहिरीच्या आत कट्टा बांधून किंवा खडकात कोनाडा कोरून पंप पाण्याजवळ नेला. विजेची मोटार असेल तर ठीक. पण जिथे वीज नव्हती, तिथे तेलाचे इंजिनही आत उतरवले गेले. इंजिनाचा धूर विहिरीत साठतो. त्यात कार्बन मोनॉक्साईड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आमच्याच आजोळच्या विहिरीत, मी लहान असताना, बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करायला आमचा सालगडी खाली उतरला आणि कट्ट्यावरच कोसळला. चऱ्हाटाला बाज बांधून त्याला वर काढले. तो वाचला, पण सगळेच वाचत नाहीत. अनेकदा वाचवायला उतरलेला दुसरा माणूसही जातो. म्हणून हात जोडून सांगतो: ज्या विहिरीत इंजिन चालले आहे, तीत लगेच उतरू नका. दिवा सोडून पाहिला आणि तो जळत राहिला, तरी विश्वास ठेवू नका. हा वायू असतानाही दिवा जळू शकतो. आणि इंजिन मुळात विहिरीत उतरवूच नका.

या कायद्यातून सुटायचा मार्गही निघाला. पाणी ओढता येत नसेल तर खालून ढकलावे! आपल्या शेजारच्या मराठवाड्यात, जालन्याला, मिशनच्या लोकांनी बोअरवरचा एक मजबूत हातपंप तयार केला. सोलापुरातही तसा पंप झाला. त्यांत पाणी उचलणारे सिलिंडर वर नव्हते. ते खाली, बोअरमधल्या पाण्यात होते. या पंपांच्या अनुभवावरूनच १९७० नंतरच्या दशकात 'इंडिया मार्क टू' हा हातपंप आकाराला आला आणि गावोगाव पोहोचला. १९७२ च्या दुष्काळाने बोअरची गरज सर्वांनाच पटवून दिली होती. आजचा पाण्यात बुडवून ठेवायचा सबमर्सिबल पंपही याच जातीचा. तो पाण्यातच बसतो, म्हणून त्याला वर ओढणारा नळ नाही, आणि त्या नळातून हवा घेण्याचे दुखणेही नाही.

मग हवा ही पाण्याची वैरीण समजायची काय? तसेही नाही. आपल्या जुन्या कारागिरांनी ही गोष्ट फार छान ओळखली होती. अठराव्या शतकाच्या मध्याला, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावाचे पाणी पुणे शहरातील हौदांत आणले गेले. माणूस आत उतरून गाळ काढू शकेल असा दगडी बांधणीचा तो नळ होता. त्याच्या वाटेवर ठिकठिकाणी उभी धारी ठेवलेली होती. त्यांना नाव काय दिले? उच्छ्वास! नळाने श्वास सोडावा म्हणून ठेवलेली ती नाके होती. पुण्यात त्यांतले काही उच्छ्वास आजही पाहायला मिळतात. त्याच्या सव्वाशेहून अधिक वर्षे आधी मलिक अंबराने खडकी शहरासाठी, म्हणजे पुढच्या औरंगाबादेसाठी आणि आताच्या छत्रपती संभाजीनगरासाठी, नहर बांधली. त्याच शहरातल्या पाणचक्कीकडे पाणी खापराच्या नळांतून येई. तिथेही पाण्याच्या वाटेवर उंच खांब आणि मनोरे उभारलेले दिसतात.

असे का? उतारावरून येणाऱ्या बंद नळात हवा अडकली, की ती उंचवट्यावर जाऊन बसते आणि पाण्याची वाट अरुंद करते. तिला बाहेर जायला दार दिले पाहिजे. तुमच्या गावच्या नळयोजनेच्या वाटेवर लोखंडी टोपीचा, फुसफुसणारा एअर व्हॉल्व्ह तुम्ही पाहिला असेल. तो कात्रजच्या उच्छ्वासाचा नातूच म्हणा.

म्हणजे गोष्ट दोन ओळींत सांगता येते. पाणी जिथे ढकलले जाते किंवा उतारावरून येते, तिथे हवेला बाहेर पडायला दार ठेवा. पाणी जिथे ओढले जाते, तिथे हवेची सगळी दारे बंद करा. पहिल्या नळाला भोक पडले तर पाणी बाहेर येते आणि चोर लगेच दिसतो. दुसऱ्या नळाला भोक पडले तर हवा आत जाते आणि चोर दिसत नाही. सारी अडचण एवढीच आहे. शहरातल्या बंगल्यांत पोहण्याचे हौद असतात, तिथे पाणी फिरवून गाळणाऱ्या पंपालाही हेच दुखणे होते. हौद श्रीमंताचा असो की विहीर गरिबाची, हवेला त्याचे काही नाही.

आता पुन्हा किन्हीराजाच्या मळ्यात या. मी मामांना म्हटले, आपण त्या इटलीतल्या कारागिरासारखे करू. पंपाला हात लावण्याआधी पाणी कुठे आहे ते पाहू. दोरी सोडून मोजले. कट्ट्यावरच्या पंपापासून पाणी चौदा फुटांवर होते. म्हणजे खोलीचा दोष नाही.

दुसरी तपासणी फुटबॉलची. तो पाण्यात निदान दीड-दोन फूट बुडालेला हवा. पाणी त्याच्या वर थोडेच राहिले, की भोवरा पडतो आणि त्या भोवऱ्यातून हवा ओढली जाते. आमचा फुटबॉल चांगला बुडालेला होता. त्याची जाळीही पालापाचोळ्याने तुंबलेली नव्हती. मग पंप बंद ठेवून तोंडापर्यंत पाणी भरले आणि बिडी ओढून होईल इतका वेळ थांबलो. पाण्याची पातळी खाली गेली, पण अगदी हळू. फुटबॉल साफ गळका असता तर पाणी भराभर उतरले असते.

तिसरी तपासणी नळाच्या चढाची. विहिरीपासून पंपापर्यंत ओढणारा नळ सतत चढता हवा. मध्येच उंटाच्या पाठीसारखा उंचवटा आला, तर तिथे हवा ठाण मांडून बसते. आमचा नळ सरळ होता.

चौथी तपासणी ग्लँडची, म्हणजे पंपाचा दांडा जिथून आत जातो तिथली. आत वळून बसवलेली दोरी झिजली की तिथून हवा घुसते. पंप पाणी देत असताना तिथून थेंब थेंब पाणी पडत राहणे हे चांगले लक्षण आहे. ती जागा कोरडी ठाक असेल, तर एक तर ती हवा घेते आहे, नाही तर दोरी फार आवळली गेली आहे आणि जळणार आहे. आमच्याकडे थेंब नीट पडत होते.

आता राहिले सांधे. इथे एक नियम लक्षात ठेवा: नळ पाण्याने भरून पंप बंद ठेवला असता जो सांधा पाझरतो, तोच पंप चालू झाल्यावर हवा घेतो. बॅटरीच्या उजेडात बाकाच्या सांध्यावर ओल दिसल्यासारखी वाटली. पण दहिवरही पडले होते, त्यामुळे खात्री होईना. तेव्हा मामा घरी जाऊन मामीच्या देवघरातल्या दोन उदबत्त्या घेऊन आले. विहिरीच्या आत वारा नव्हता. पंप भरून सुरू केला, आणि त्याने पाणी धरले त्या थोड्या वेळात पेटलेली उदबत्ती एकेका सांध्याजवळ फिरवली. पहिल्या सांध्याजवळ धूर सरळ वर गेला. दुसऱ्याजवळही वर गेला. बाकाच्या सांध्याशी नेताच तो वाकला आणि गुपचूप आत शिरला. मामा पाहतच राहिले. मग त्यांनी त्या जागी ओंजळभर पाणी ओतले. तेवढ्यापुरता पंपाचा आवाज बदलला आणि गुळण्या थांबल्या.

मुख्य बटण बंद केले. हे विसरू नका, बंधूंनो; ओल्या हातांनी चालू मोटारीशी खेळू नये. सांधा खोलला, तर आतला वायसर वाळून तडकलेला निघाला. ट्यूबच्या जाड रबराचा नवा वायसर कापला, बोल्ट समोरासमोरचे जोडीने आवळले, पंपात पाणी भरले. पाणी लागले ते दुधासारखे फेसाळ नव्हते, काचेसारखे स्वच्छ होते.

आता पंपात आधी पाणी का भरावे लागते, तेही सांगून टाकतो. पंपाचे चाक पाण्याला भिरकावते, म्हणून त्याच्या मागे पोकळी होते आणि बाहेरची हवा नवे पाणी वर ढकलते. पण हवा पाण्यापेक्षा सुमारे आठशे पटींनी हलकी. नुसती हवा भिरकावून चाकाला हवी तेवढी पोकळी होत नाही. म्हणून पंपात हवा शिरली, की तो नुसता फिरतो. कोरडा फिरला की तापतो, दोरी जळते आणि मग खरोखरच पंपाचा दोष तयार होतो! म्हणून पाणी सुटले की मोटार आधी बंद करा.

त्या रात्री वीज जाण्याआधी मामांचे सगळे वाफे भिजले. नवा पंप घ्यावा लागला नाही. खर्च आला तो ट्यूबच्या एका तुकड्याचा, आणि मामीच्या उदबत्त्यांचा, ज्यांचा हिशेब तिने सकाळी मागितलाच!

शिक्षकमित्रहो, इतिहास म्हणजे केवळ लढायांच्या तारखा नव्हेत. नाव न कळलेला एक कारागीर, पाऱ्याच्या नळीत हवेचे वजन मोजणारा टॉरिचेल्ली, कात्रजच्या नळाला उच्छ्वास ठेवणारे पाथरवट, जालन्याचा हातपंप घडवणारे हात, यांचाही तो इतिहास आहे. तो आपल्या विहिरीवर रोज चालू असतो. मुलांना एकदा पपईच्या देठाने पाणी प्यायला लावा, मग त्यांना गावातल्या एखाद्या विहिरीवर न्या आणि विचारा: इथे पाणी कोण वर आणतो? पंप, की हवा? आणि शेतकरी बंधूंनो, पुढच्या वेळी पंपाने हवा धरली, तर नव्या पंपाचा भाव विचारण्याआधी दोरी सोडून पाणी मोजा, सांधे पाहा, आणि घरातून एक उदबत्ती मागून आणा.